बँड ४३ वर आला, पण कोणाचा?

एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा शेवटचा पंधरवडा चालू होता. माझी विद्यार्थिनी डार्करूममधून ब्लॉटचा फोटो घेऊन जवळजवळ धावतच आली. टीडीपी-४३ या प्रथिनाचा बँड बरोबर ४३ किलोडाल्टनच्या खुणेपाशी आला होता. ठसठशीत, स्वच्छ, सगळ्या लेनमध्ये सारखा. मी तिला एवढंच विचारलं, "याच मेम्ब्रेनवर आधी काय लावलं होतंस?" ती म्हणाली, "ॲक्टिन." ॲक्टिनचं वजन सुमारे ४२ किलोडाल्टन. आदल्या दिवशीचं स्ट्रिपिंग, म्हणजे आधीची अँटिबॉडी धुऊन काढणं, अर्धवट राहिलं होतं. नवी मेम्ब्रेन घेऊन, ॲक्टिन न लावता, सगळं पुन्हा केलं तेव्हा तो ठसठशीत बँड नाहीसा झाला आणि त्या जागी एक फिकट, लेनगणिक वेगळा बँड दिसला. खरा टीडीपी-४३ तो होता. लोडिंग कंट्रोल म्हणून ॲक्टिन वापर, असं तिला मीच सांगितलं होतं, म्हणून ती चूक माझ्या खात्यावर आहे. अँटिबॉडीच्या महागड्या कुपीतला चांगला हिस्सा आणि तिचे दहा दिवस त्यात गेले.

हा लेख तिच्यासारख्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकांसाठी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात आज नगर शहर, संगमनेर, लोणी, राहुरी, कोपरगाव, श्रीरामपूर अशा ठिकाणी जीवशास्त्राची मुलं प्रकल्प करतात. लोणीला वैद्यकीय विद्यापीठ आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, बाकीची बहुतेक महाविद्यालयं पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. यांतल्या कुणावर तरी आयुष्यात पहिल्यांदा एखादी अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, मागवायची वेळ येते आणि शेजारी विचारायला कुणी नसतं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत हे ज्ञान बाकावर बसल्या बसल्या मिळतं. आपल्याकडे ते लिहूनच पोचवावं लागतं.

उदाहरण म्हणून मी टीडीपी-४३ च धरणार आहे, कारण पेशीच्या केंद्रकात राहून आरएनएला धरणाऱ्या प्रथिनांत ते आज सर्वांत जास्त अभ्यासलं जाणाऱ्यांपैकी एक आहे. ४१४ अमिनो आम्लांचं हे प्रथिन. मधोमध आरएनए पकडणारे दोन भाग आणि शेवटाला एक सैल, लवचीक शेपूट. आरएनएची काटछाट करून योग्य तुकडे जोडण्याच्या कामात ते असतं. १९९५ मध्ये ते एचआयव्ही विषाणूच्या संदर्भात सापडलं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की एएलएस या स्नायू गलितगात्र करणाऱ्या आजारात आणि एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशात चेतापेशींमध्ये जे गोळे साठतात, ते याच प्रथिनाचे असतात. निरोगी पेशीत ते केंद्रकात असतं. आजारी पेशीत केंद्रक रिकामं पडतं आणि बाहेर गोळे दिसतात. म्हणजे प्रथिन आहे की नाही एवढ्यावर भागत नाही, ते कुठे आहे हेही कळावं लागतं, आणि ते अँटिबॉडीच सांगते. अँटिबॉडीने चुकीच्या प्रथिनाला धरलं, तर तुमचा निष्कर्ष आजारी पेशीला निरोगी किंवा निरोगी पेशीला आजारी ठरवेल.

मागवण्याआधी कागदावर काम करा. यूनिप्रॉट या मोफत माहितीसाठ्यात मानवी टीडीपी-४३ चा क्रमांक क्यू१३१४८ आहे. तिथून प्रथिनाचा पूर्ण क्रम उतरवून घ्या. मग कंपनीच्या माहितीपत्रकात अँटिबॉडी प्रथिनाच्या कुठल्या तुकड्याविरुद्ध तयार केली ते पाहा. तुकडा शेपटीचा असेल आणि तुमचा प्रकल्प फळमाशीवर असेल, तर बहुधा काही दिसणार नाही. माशी आणि माणूस यांच्यात या प्रथिनाचा आरएनए धरणारा भाग बराच जुळतो, शेपूट तेवढी जुळत नाही. दोन क्रम शेजारी ठेवून जुळवणी करायला संगणकावर पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणी देत नाही आणि मग कुपीला दोष येतो.

त्याच पत्रकात कुपी कशासाठी तपासली आहे तेही लिहिलेलं असतं: वेस्टर्न ब्लॉटसाठी, पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, की प्रथिन द्रावणातून ओढून काढण्यासाठी. ब्लॉटमध्ये प्रथिन उलगडून सरळ झालेलं असतं, पेशीत ते घडी घातलेलं असतं. एका ठिकाणी चाललेली अँटिबॉडी दुसऱ्या ठिकाणी चालेलच असं नाही. अँटिबॉडीचा प्रकारही पाहा. पॉलिक्लोनल म्हणजे अनेक पेशींकडून आलेलं मिश्रण. नवा लॉट आला की ते थोडं बदलतं. मोनोक्लोनल एकाच पेशीच्या वंशाची असते. ही पद्धत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दिली आणि १९८४ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. आता जनुक हाताशी ठेवून बनवलेल्या रीकॉम्बिनंट अँटिबॉडी मिळतात. माझा सल्ला विचाराल तर पैसे थोडे जास्त पडले तरी तीच घ्या, कारण पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या हातातही तीच अँटिबॉडी असेल.

आणि माहितीपत्रकावर संपूर्ण विश्वास ठेवू नका. मॉन्ट्रियलच्या एका गटाने मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटिबॉडी, ते प्रथिन मुद्दाम काढून टाकलेल्या पेशींवर तपासल्या आणि २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. अर्ध्याहून अधिक अँटिबॉडी कुठल्या ना कुठल्या कसोटीत नापास झाल्या. याच गटाने टीडीपी-४३ साठीही कोणत्या अँटिबॉडी चालतात याचा अहवाल मोफत ठेवला आहे. तीस हजारांच्या वर जाणारी कुपी मागवण्याआधी तो उघडून पाहायला इंटरनेटशिवाय काही लागत नाही.

आता माल येण्याचं बघू. परदेशातून येणाऱ्या कुपीला महिना-दीड महिना लागतो, म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यातच ऑर्डर द्या. वितरकाला स्पष्ट सांगा की माल पुण्याहून शुक्रवारी पाठवायचा नाही. रविवारी कुरिअरच्या गोदामात पडलेलं पार्सल मे महिन्यात काय सोसतं हे सांगायला नको. जोडून सुट्ट्या असतील तर तीही तारीख टाळा. सगळ्यांत चांगला मार्ग म्हणजे पुण्याला जाणाऱ्या माणसाकडून बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलच्या डब्यात आणवणं. नगरपर्यंत एसटीने तीन-चार तास लागतात, तेवढं अँटिबॉडीला सहज चालतं. ती तशी चिवट असते. एखाद्या दिवसाची ऊब तिला बहुधा मारत नाही. वारंवार गोठणं आणि वितळणं मात्र तिला मारतं.

दुधाच्या धंद्यातल्या घरातल्या मुलांना शीतसाखळी शिकवावी लागत नाही. गावातल्या बल्क कूलरचं दूध ४ अंशांवर टिकतं आणि वीज गेली की काय होतं, ते त्यांनी लहानपणापासून पाहिलं आहे. इथे आकडे तेवढे वेगळे. ५० टक्के ग्लिसरॉल असलेली अँटिबॉडी उणे २० अंशांवर ठेवली तरी गोठत नाही, म्हणून ती तशीच तिथे राहू द्या. ग्लिसरॉल नसेल तर १० मायक्रोलिटरचे छोटे भाग करून छोट्या ट्यूबमध्ये ठेवा आणि एक भाग एकदाच वितळवा. बर्फ आपोआप वितळवणारा घरगुती फ्रीज यासाठी नको, त्याचं तापमान रोज वरखाली होतं. कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा. शंभर मायक्रोलिटरमधले पाच-सात झाकणालाच चिकटलेले असतात.

वीज गेल्याचं रात्री कळत नाही. त्यासाठी फ्रीझरमध्ये एका छोट्या पेल्यात पाणी गोठवा आणि बर्फावर रुपयाचं नाणं ठेवा. सकाळी नाणं वरच दिसलं तर सगळं ठीक. नाणं तळाला गेलं असेल तर रात्री सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. त्या फ्रीझरमधल्या सगळ्या ट्यूबवर तशी नोंद करा. वीज गेलेली कळली तर दार उघडू नका, आणि रिकाम्या कप्प्यांत बर्फाच्या पिशव्या भरून ठेवायची सवय लावा.

आता मुख्य अडचण. केंद्रकातलं प्रथिन बाहेर काढणं हे पेशीरसातलं प्रथिन काढण्यासारखं नाही. सौम्य डिटर्जंटने पेशीचं बाहेरचं आवरण फुटतं, केंद्रक तसंच राहतं आणि सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाला बसतं. विद्यार्थी वरचं द्रावण घेतात आणि तळ फेकून देतात. त्यांचा टीडीपी-४३ त्या फेकलेल्या तळात असतो. रिपासारखा कडक बफर वापरा. मग दुसरी अडचण येते: केंद्रक फुटलं की डीएनए सुटतो आणि द्रावण भेंडीसारखं बुळबुळीत, तार धरणारं होतं. पिपेटमध्ये घेतलं तर अर्धं आत राहतं, अर्धं लोंबतं. तशा नमुन्यातून समान प्रथिन मोजणं अशक्य. सोनिकेटर असेल तर बर्फात ठेवून थोडा वेळ चालवा. नसेल तर इन्सुलिनच्या सिरिंजच्या बारीक सुईतून दहा-बारा वेळा ओढा. तार तुटते, द्रावण पाण्यासारखं होतं. प्रोटिएज रोखणारं मिश्रण पहिल्या क्षणापासून घाला. नमुना शिळा झाला तर टीडीपी-४३ चे ३५ आणि २५ किलोडाल्टनचे तुकडे पडू शकतात. हेच तुकडे रुग्णांच्या मेंदूत सापडतात. म्हणजे आपल्या हलगर्जीपणाचा बँड आजाराच्या बँडसारखा दिसतो. बाकी सगळं विसरलात तरी हे ध्यानात ठेवा.

पेशी नसतील तर काय? पुण्याच्या एनसीसीएसमधून हेला किंवा एचईके पेशी मिळतात. मात्र अनेक महाविद्यालयांत पेशी वाढवायची सोयच नसते. अशा वेळी पहाटे मटणाच्या दुकानातून बोकडाचा ताजा मेंदू बर्फात आणून सकारात्मक कंट्रोल म्हणून वापरता येतो. सस्तन प्राण्यांमध्ये टीडीपी-४३ जवळजवळ सारखाच आहे. फक्त एक ध्यानात घ्या: शेळीमध्ये तयार केलेली प्रायमरी, म्हणजे थेट प्रथिनाला धरणारी, अँटिबॉडी या नमुन्यावर लावू नका. तिच्यामागून येणारी, शेळीला ओळखणारी सेकंडरी त्या मेंदूत उरलेल्या रक्तातल्या शेळीच्याच प्रतिपिंडांना धरेल आणि ५० व २५ किलोडाल्टनला भलेमोठे बँड देईल. सशातली प्रायमरी घ्या आणि सशाला ओळखणारी सेकंडरी.

ब्लॉट लावताना जेल १० टक्क्यांची, प्रत्येक लेनमध्ये २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन. मेम्ब्रेनवर ट्रान्सफर झाला की पाँसोचा लाल रंग लावून फोटो काढा. सगळ्या लेन सारख्या आहेत का, बुडबुड्यामुळे कुठे पांढरा ठिपका राहिला का, ते इथेच कळतं. लोडिंग कंट्रोल म्हणून ॲक्टिन नको, कारण वर सांगितलंच. व्हिन्क्युलिन घ्या, ते १२० च्या आसपास येतं, किंवा तो लाल फोटोच कंट्रोल म्हणून धरा.

ब्लॉकिंगसाठी ५ टक्के स्किम मिल्क पावडर. आपल्या जिल्ह्यात तिचा तुटवडा नाही, पण चहात घालायची डेअरी व्हाइटनर नको, तीत साखर असते. पावडर टीबीएसटीमध्ये नीट विरघळवा आणि गुठळ्या गाळून घ्या, एरवी मेम्ब्रेनवर काळे ठिपके उमटतात. दुधाला दोन अपवाद आहेत. टीडीपी-४३ च्या ४०९ आणि ४१० क्रमांकांच्या सेरिनवर फॉस्फेट जोडलेलं रूप शोधायचं असेल तर दूध टाळा, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटने भरलेलं प्रथिन आहे. तिथे बीएसए वापरा. दुसरा अपवाद शेळीला ओळखणाऱ्या सेकंडरीचा: गायीचे प्रतिपिंड शेळीच्या इतके जवळचे असतात की ती दुधालाच चिकटते आणि सारी मेम्ब्रेन काळी होते.

प्रायमरी १:१००० पासून सुरू करा, ४ अंशांवर रात्रभर. पहिल्यांदा मात्र मेम्ब्रेनच्या पट्ट्या कापून १:५००, १:१०००, १:२००० आणि १:५००० असे चार प्रयोग एकाच दिवशी करा. बहुतेक वेळा कंपनीने सांगितल्यापेक्षा पातळ द्रावण जास्त स्वच्छ चालतं आणि कुपी दुप्पट टिकते. सकाळी टीबीएसटीने दहा-दहा मिनिटं तीनदा धुवा. मग एचआरपी जोडलेली सेकंडरी, तासभर. वापरलेल्या प्रायमरीत सोडियम अझाइड घालून ती परत वापरता येते. सेकंडरीत ते चुकूनही घालू नका, अझाइड एचआरपीला निकामी करतं.

पुस्तकात 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात २० ते २५ अंश असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये प्रयोगशाळा ३८ वर असते. ट्रिस बफरचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०३ ने उतरतो. २५ अंशांवर ७.६ केलेला बफर त्या खोलीत साधारण ७.२ होतो. त्याहून वाईट म्हणजे पंख्याखाली मेम्ब्रेन सुकते, आणि एकदा सुकलेल्या जागेवर डाग राहतोच. उन्हाळ्यात डबा झाकून ठेवा, पंखा बंद करा, आणि शक्य तर हे काम सकाळी नऊच्या आत उरका. बोअरचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी बफरला नको. डिस्टिल्ड पाणीच हवं.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं असेल तर ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये दहा-पंधरा मिनिटं पेशी स्थिर करा आणि ट्रायटनने केंद्रकाचं आवरणही उघडा. डिजिटोनिन फक्त बाहेरचं आवरण उघडतं. ते वापरलं तर अँटिबॉडी आत पोचणारच नाही आणि केंद्रक काळं दिसेल. ते पाहून "प्रथिन बाहेर गेलं" असा निष्कर्ष काढणारा मुलगा मी पाहिला आहे. निरोगी पेशीत टीडीपी-४३ केंद्रकभर पसरलेला दिसतो, केंद्रिका मात्र रिकाम्या, गोल, काळ्या दिसतात. त्या काळ्या गोल जागा दिसल्या की जीव भांड्यात पडतो.

आता पुरावा. प्रायमरी न लावता फक्त सेकंडरी लावलेली एक पट्टी प्रत्येक ब्लॉटसोबत हवीच. त्याहून भक्कम पुरावा म्हणजे प्रथिन कमी करून पाहणं: एसआयआरएनए देऊन टीडीपी-४३ घटवलेल्या पेशींत बँड फिका झाला पाहिजे. ही सोय आपल्याकडे नसेल तर पुण्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेकडून तशा पेशींचा नमुना मागा. नम्रपणे, एका परिच्छेदात, काय करायचं आहे ते लिहून. माझ्या विद्यार्थ्यांना असे नमुने मिळाले आहेत. तिसरा मार्ग म्हणजे प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला ओळखणारी वेगळी अँटिबॉडी लावणं. दोघींनी एकच गोष्ट सांगितली तर विश्वास वाढतो. आणि केंद्रक व पेशीरस वेगळे केले असतील तर लॅमिन बी१ केंद्रकात आणि ट्युब्युलिन पेशीरसात दिसतंय का तेही दाखवा, नाही तर ती विभागणी कुणी मानणार नाही.

अँटिबॉडीने प्रथिन ओढून काढताना आरएनए धरणाऱ्या प्रथिनांच्या कुळात एक खास फसवणूक होते. आरएनए धरणारी दोन प्रथिनं एकमेकांना शिवतही नसतात, पण एकाच आरएनएच्या दोरीवर लोंबत असल्यामुळे एकत्र वर येतात. नमुन्याचे दोन भाग करा आणि एकात आरनेज ए घाला. त्या भागात जोडीदार नाहीसा झाला, तर नातं प्रथिनांचं नाही, आरएनएच्या दोरीचं आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण लोक गल्लत करतात. रक्ततपासणीच्या अहवालात 'अँटी-एसएम' किंवा 'अँटी-आरएनपी' असं येतं, ते वेगळं. तिथे रुग्णाच्या शरीरानेच स्वतःच्या केंद्रकातल्या आरएनए-प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंड बनवलेले असतात. ल्युपससारख्या आजारात तसं होतं. १९६६ मध्ये टॅन आणि कंकल यांनी असा एक प्रतिपिंड नोंदवला, आणि 'एसएम' हे नाव ज्या रुग्ण महिलेच्या रक्तात तो सापडला, तिच्या आडनावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून पडलं. १९७९ मध्ये लर्नर आणि जोन स्टाइट्झ यांनी अशाच रुग्णांचं रक्तद्रव वापरून केंद्रकातले छोटे आरएनए-प्रथिन कण शोधले. आपल्या अभ्यासाची सुरुवात आजारी माणसांच्या रक्तातून झाली आहे, हे मला विसरवत नाही. तुमच्या कुपीवर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असतं ते मात्र काटेकोर पाळा. ओळखीच्या डॉक्टरांनी आग्रह केला तरी रुग्णाचा नमुना तिच्यावर तपासून अहवाल देऊ नका.

नोंदवहीत कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, आरआरआयडी क्रमांक, कुपी उघडल्याची तारीख आणि प्रत्येक वापराचं प्रमाण लिहा. ब्लॉटचा न कापलेला फोटो ठेवा, वरची-खालची अनोळखी पट्टीसुद्धा. आणि इतकं करूनही अँटिबॉडी चालली नाही, तर गप्प बसू नका. कंपनीला तो अख्खा फोटो, कंट्रोलच्या पट्ट्या, बफर, प्रमाणं आणि लॉट नंबर पाठवा. बऱ्याच कंपन्या वर्षभरात तक्रार आली तर दुसरी कुपी किंवा पैसे परत देतात, पण कंट्रोल नसलेल्या तक्रारीला उत्तर येत नाही. ऑर्डर दिली त्या दिवशीच तक्रारीची मुदत किती ते वितरकाकडून लेखी घ्या आणि तो कागद फ्रीझरच्या दारावर चिकटवा.